त्रेचाळीस वेळा ‘कळवले’

१

कोंडीराम गमरे एकोणीस फेब्रुवारीला वारले. चार मार्चला, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, एका पेशंटला फोन करून रिपोर्ट कळवल्याची नोंद त्यांनी केली.

तो कागद प्रिती दळवींनी टेबलावरून पुढे सरकवला आणि पंख्याने उडू नये म्हणून त्यावर स्वतःचा मोबाइल ठेवला. परळच्या विजयकर न्यासाच्या रुग्णालयात त्या प्रशासन अधिकारी होत्या. समोर बसली होती संघमित्रा, कोंडीरामांची एकुलती मुलगी. कागद तिने दोनदा वाचला. वडिलांचं नाव पूर्ण होतं, मधलं अक्षरसुद्धा गाळलेलं नव्हतं.

“अशा किती आहेत?” तिने विचारलं.

“त्रेचाळीस. चार मार्चपासून परवाच्या सात जुलैपर्यंत. सगळे गंभीर रिपोर्ट. पेशंटला परत बोलवून उपचार सुरू करायचे असतात असे. नोंद ‘कळवले’ अशी आणि फोन एकालाही नाही. परवा एक बाई स्वतःच दुखणं घेऊन आली, म्हणून उघडकीला तरी आलं.”

“आणि मला का बोलावलंत?”

प्रितीताईंनी चष्मा पुसला. “हे बघ, कुणावर आरोप नाही करायचा. पण नाव गमरेंचं आहे आणि गमरे नाहीत. म्हणजे त्यांचा पासवर्ड कुणाकडे तरी आहे. चार वाजता विश्वस्तांची बैठक आहे, त्यात टिपण ठेवायचंय. मी लिहिलंय की, कैलासवासी गमरे यांनी आपला पासवर्ड घरातील व्यक्तीस दिला असावा.”

“घरात मी आहे आणि आई आहे. आईला फोनवर हिरवं बटण कुठलं ते विचारावं लागतं.”

“म्हणूनच म्हटलं, तुझ्याशी बोलून घ्यावं.”

संघमित्रा फोर्टमधल्या एका वकिलांच्या कचेरीत कागद वाचायचं काम करायची. हजार पानांचा गठ्ठा पुढ्यात घ्यायचा आणि कुठली दोन पानं एकमेकांशी भांडतायत ते शोधायचं. अकरा वर्षं तिने तेच केलं होतं. ती म्हणाली, “मला या त्रेचाळीस नोंदींचा पूर्ण उतारा द्या. आणि तीन-चार माणसांशी बोलायची परवानगी.”

“ते नियमात बसत नाही गं.”

“बसवा.” दारातून आवाज आला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे अच्युतराव विजयकर, न्यासाचे अध्यक्ष, काठी टेकत आत येत होते. “माणूस मेल्यावर कामाला लागला असेल, तर त्याच्या मुलीने पाच-सहा तास चौकशी केली म्हणून काय आभाळ कोसळतंय? चार वाजेपर्यंत वाच, मुली. चारनंतर मला सही करावी लागेल. त्या टिपणावर, नाहीतर दुसऱ्या कशावर.”

२

मशीनची खोली तळमजल्यावर होती, जुन्या औषधभांडाराच्या जागी. आत गार हवा आणि एकसुरी घरघर. तिथे अभय साटम बसायचा. रुग्णालयातले रोबोट त्याने बनवले होते.

“रोबोट म्हणजे हातपायवाला नाही, ताई,” तो म्हणाला. त्याच्या तोंडाला चहाची बशी होती, ती घाईघाईने खाली गेली. “प्रोग्रॅम आहे तो. माणूस कॉम्प्युटरवर जे करतो, स्क्रीन उघड, नाव वाच, टाइप कर, बटण दाब, तेच करतो. पेशंटची माहिती बाहेर जायला नको म्हणून मशीन पण इथलंच, आपलं. काकांनी किती मदत केली माहितीय? तीन दिवस मी त्यांच्या शेजारी बसून त्यांचं काम रेकॉर्ड केलं.”

“बाबा काय करायचे, ते सांग.”

“सकाळी यादी घ्यायचे. एकेकाला फोन. बोलणं झालं की एका तक्त्यात लिहायचे, पेशंट काय म्हणाला ते. तक्ता रोबोटला द्यायचे. रोबोट अकरा-वीसला उठायचा आणि हॉस्पिटलच्या जुन्या सिस्टिममध्ये काकांच्या नावाने ‘कळवले’ टाकायचा. ती सिस्टिम लय जुनी, तिला माणसाचंच नाव लागतं. काकांनी मला एक अट घातलेली. पेशंटचं बोलणं लिहिलेलं नसेल, तर रोबोटने नोंद करायचीच नाही. तसंच बांधलंय मी.”

“मग पासवर्ड बाबांना ठाऊक होता.”

“नाही ना! गंमत तीच आहे. पासवर्ड मशीनने बनवला, चोवीस अक्षरांचा. मशीनच्याच पेटीत बंद. काकांना माहीत नाही, मला माहीत नाही. काका गेल्यावर मी पेटीतून त्यांचं नाव काढलं. सिस्टिममधून नाव पुसलं नाही, कारण पुसलं तर त्यांनी तीस वर्षं केलेल्या सगळ्या नोंदींवर ‘अज्ञात’ येतं. ते मला बरं नाही वाटलं.” “पण पेटी मी रिकामी केलीय. एकवीस फेब्रुवारी. हा बघा फोटो.”

फोटो खरा होता. तारीखही खरी.

संघमित्राने उतारा उघडला. काही दिवशी एकच नोंद होती, काही दिवशी तीन-चार. तिने पेन्सिलीने वेळा जोडायला सुरुवात केली. अकरा-वीस. अकरा-वीस-चाळीस. अकरा-एकवीस-वीस. पुढचा दिवस. पुन्हा तेच.

“अभय, दोन नोंदींत बरोबर चाळीस सेकंद आहेत. दर वेळी. एकोणचाळीस नाहीत, एक्केचाळीस नाहीत.”

अभयचा चेहरा उतरला. “ते काकांचं आहे. ते म्हणायचे, घाई केली की हे यंत्र नोंद गिळतं, जरा दम खाऊ दे त्याला. म्हणून मी चाळीस सेकंदांचा थांबा ठेवलाय.”

“माणूस चाळीस सेकंद थांबला, तर कधी अडतीस होतात, कधी पंचेचाळीस. हे माणसाने केलेलं नाही. हा तुझा रोबोट आहे.”

अभयने कीबोर्ड ओढला. परळच्या रोबोटची रोजनिशी त्याने स्क्रीनवर आणली आणि मार्चपासून जुलैपर्यंत सावकाश खाली सरकवत नेली. कोंडीरामांच्या नावाने एकही ओळ नव्हती.

“तो चाललेलाच नाही, ताई,” तो हळूच म्हणाला. “मग हे करतंय कोण?”

३

स्वतःहून आलेली बाई दुसऱ्या मजल्यावर, खिडकीकडच्या खाटेवर होती. रखमा तिचं नाव. कॉटन ग्रीनच्या गोदामांत गोण्या शिवायची. वय साठीला टेकलेलं, बोटांना सुतळीचे घट्टे.

“चार महिने मी वाट बघितली,” ती म्हणाली. “डॉक्टर बोलले होते, काय असलं तर फोन येईल. फोन आला नाही. मी म्हटलं, म्हणजे काय नाय. शेजारणीला पेढा दिला.”

“आता डॉक्टर काय म्हणतात?”

“बोलतात, उशीर झालाय, पण फार नाय. म्हणजे किती ते सांगत नाय.” तिने संघमित्राकडे निरखून पाहिलं. “तू वकिलीण काय?”

“नाही. ज्यांच्या नावाने तुमची नोंद झाली, त्यांची मुलगी.”

रखमाने पायावरची चादर सारखी केली. तिने राग केला असता तर संघमित्राला सोपं गेलं असतं. तिने उताऱ्यातली ओळ काढली. प्रत्येक नोंदीपुढे पेशंटचं बोलणं लिहायचा रकाना होता. रखमाच्या नावापुढे होतं: ‘मुलगी बरोबर येईल.’

“मावशी, तुमची मुलगी कुठे असते?”

“कसली मुलगी? मला मूलच नाय झालं. त्यापायीच तर नवऱ्याने दुसरी केली.” रखमा हसली, तोंडावर पदर धरून. “कोणी दिली मला मुलगी? नाव काय ठेवलंन तिचं?”

जिन्यात, कठड्याला टेकून, संघमित्राने तो रकाना वरपासून खालपर्यंत वाचला. वेळा बघण्याच्या नादात तिने तो आधी वाचलाच नव्हता.

‘ऐकायला कमी येतं, सुनेशी बोललो.’

‘आधी रडली, मग वेळ विचारली.’

‘गावी आहेत. सोमवारी उतरतील, मंगळवारी येतील.’

‘भीती वाटते म्हणाली. मी गेटवर उभा राहीन असं सांगितलं.’

गेटच्या ओळीपुढे तारीख होती वीस मार्चची. वीस मार्चला करी रोडच्या घरात आई आणि ती बाबांचे कपडे बांधत होत्या.

ही वाक्यं कुणी बनवलेली नव्हती. ती बाबांचीच होती. आखूड, उगाच न लांबवलेली, ‘असं सांगितलं’वर संपणारी. गेटचं तर तिला ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी ते उशिरा घरी आले आणि आईने ताट वाढता वाढता टोमणा मारला, “काय, हॉस्पिटल तुमच्या नावावर केलंन काय?” तेव्हा ते म्हणाले होते, एक बाई घाबरली होती, तिच्यासाठी गेटवर थांबलो होतो.

ती बाई दोन वर्षांपूर्वीची. आणि तिचं वाक्य या मार्चमध्ये, भलत्याच माणसाच्या नावापुढे.

संघमित्राने कागद मिटला. खाली रुग्णालयाचं गेट दिसत होतं. मन नको म्हणत असतानाही तिने तिकडे पाहिलंच.

४

सगळे रिपोर्ट तयार व्हायचे गिरगावात. फणसवाडीतली एक जुनी प्रयोगशाळा दोन वर्षांपूर्वी न्यासाने घेतली होती. संघमित्रा टॅक्सी करून तिथे पोचली तेव्हा साडेबारा झाले होते. प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. ऋग्वेदा कोठारे सूक्ष्मदर्शकावर वाकून बसल्या होत्या. पन्नाशी उलटलेली, केस घट्ट बांधलेले, आणि टेबलावर काचपट्ट्यांच्या पेट्या एकावर एक.

“बस. हे एक संपवते,” त्या डोळा न उचलता म्हणाल्या. “प्रितीने तुला बैठकीचं विचारायला पाठवलंय ना? मी येणार आहे. परळला पोचायला अर्धा तास, प्रितीची वाट बघायला एक तास.”

“गमरेंनंतर फोन कुणी करायचे असं ठरलं?”

“ज्याचा रिपोर्ट, त्याचा फोन. म्हणजे आम्ही.” त्यांनी काचपट्टी बदलली. “इथे बघायला डोळे आहेत, बोलायला तोंड नाही. पण नोंदच ‘कळवले’ दिसली, तर कोण परत फोन करेल? कुणीच नाही.”

“आणि ती नोंद गमरेंच्या नावाने.”

डॉक्टरांचा हात थांबला. “कुणाच्या?”

“कोंडीराम गमरे. माझे वडील.”

“सगळ्या?” त्यांनी आता मान वर केली. “त्यांच्या नावाने? त्रेचाळीसच्या त्रेचाळीस?”

“प्रितीताईंनी सांगितलं नाही का?”

“तिने फक्त ‘खोट्या नोंदी’ म्हटलं.” त्यांनी हातमोजे काढले, त्यांची नीट घडी केली आणि ते कचऱ्यात टाकले. “गमरे फार सभ्य माणूस. मला म्हणायचे, बाई, तुम्ही नाव लिहिता त्यापुढे फोन नंबर नीट लिहा, सातचा एक होतो तुमचा.”

संघमित्राने उताऱ्यातली एक तारीख दाखवली. “नऊ मेला चार नोंदी आहेत. नऊ मे म्हणजे संस्थापक दिन. बाबा त्या दिवशी घरी असायचे.”

“परळची नोंदशाखा बंद असते. आम्ही नंतर न्यासात आलो, आम्हाला तो दिवस नाही. आमची सुट्टी चोवीस जूनला, प्रयोगशाळेच्या वर्धापनदिनाला.”

संघमित्राने पानं उलटली. चोवीस जून मंगळवार होता. परळ उघडं होतं. त्या दिवशी एकही नोंद नव्हती.

बाबांच्या नावाने जे कुणी काम करत होतं, ते परळच्या सुट्टीला कामावर होतं आणि गिरगावच्या सुट्टीला रजेवर.

५

“अभय, मशीन एकच आहे ना?” मशीनच्या खोलीत शिरता शिरता तिने विचारलं. दोन वाजून गेले होते.

“एकच. पण आत बिऱ्हाडं तीन. त्याला टेनंट म्हणतात. परळ एक, गिरगाव एक, आणि चाचणी म्हणून एक, शिकायला नि तपासायला. छप्पर एक, चुली वेगळ्या. प्रत्येकाचे रोबोट वेगळे, माणसं वेगळी, पासवर्डची पेटी वेगळी, सुट्ट्यांचं कॅलेंडर वेगळं. आत शिरतानाच विचारतं, कुठलं बिऱ्हाड? परळमध्ये गेलात की गिरगावचं काही दिसत नाही. मुद्दाम तसं केलेलं असतं.”

“आणि सकाळी तू मला परळचं दाखवलंस.”

“काका परळचे होते ना!”

“गिरगावचं बिऱ्हाड तू कसं मांडलंस?”

अभय बोलायला लागला आणि मध्येच थांबला. “घाई होती. परळचं बिऱ्हाड उचललं, तसंच्या तसं गिरगावला उतरवलं. रोबोट, अट, थांबा, सगळं. फक्त कॅलेंडर त्यांचं भरलं.”

“पेटी?”

स्क्रीनवर तो परळच्या बिऱ्हाडातून बाहेर पडून पुन्हा शिरला आणि बिऱ्हाडाच्या जागी त्याने गिरगाव लिहिलं. स्क्रीनवर एक रोबोट होता, हिरव्या ठिपक्याचा, जागा. पुढची फेरी: उद्या, अकरा-वीस. पेटीत एकच नाव होतं, वडिलांचं.

“मी एका पेटीतून काढलं,” अभय म्हणाला. “दुसरीत ते राहिलेच. चार महिने ते इथे… शप्पथ, ताई, मला दिसलंच नाही.”

संघमित्राने त्या हिरव्या ठिपक्याकडे पाहिलं. चाळीस सेकंद दम खाणारा, पेशंटचं बोलणं असल्याशिवाय नोंद न करणारा तो, या खोलीत एकटा, रोज अकरा-वीसला उठत होता. घरातली त्यांची खुर्ची आईने भिंतीकडे तोंड करून ठेवली होती. इथे मात्र त्यांची सवय अजून कामावर येत होती.

“तो स्वतःहून वाक्यं लिहितो का?” तिने विचारलं.

“छे. त्याला तक्ता कुणीतरी द्यावा लागतो. तक्ता नसेल तर तो नुसता उठतो आणि परत झोपतो.”

म्हणजे तक्ता देणारा हात जिवंत होता.

“गिरगावच्या बिऱ्हाडात कोण शिरू शकतं?”

“मी आणि कोठारे मॅडम. प्रितीताईंकडे सगळ्या बिऱ्हाडांची किल्ली आहे, पण ती बाहेरची. नवं बिऱ्हाड मांडायचं, जुनं बंद करायचं. आतलं भांडं त्यांना हलवता येत नाही.”

“आणि बाबांचे जुने तक्ते?”

“परळमध्ये, सगळे. दीड-पावणेदोन वर्षांचे, चारशेच्या वर. ते फक्त मला दिसतात.” त्याने मान खाली घातली. “म्हणजे आता तुम्ही म्हणणार, मीच.”

“थांब. त्रेचाळीस नोंदींतली वेगवेगळी वाक्यं मी मोजली. सतराच आहेत. तीच फिरून फिरून येतात. बाबांच्या तक्त्यांतली ही सतरा कुठली, ते शोध.”

शोधायला तासभर लागला. सतराही वाक्यं एकाच ठिकाणची निघाली: अभयने रेकॉर्ड केलेले ते तीन दिवस. ते तीन तक्ते त्याने चाचणीच्या बिऱ्हाडातही ठेवले होते, खऱ्या पेशंटची नावं काढून, पण वाक्यं तशीच ठेवून. जानेवारीत त्यावर त्याने प्रशिक्षण दिलं होतं.

“कुणाकुणाला?”

“दोघींना. प्रितीताई आणि कोठारे मॅडम.”

घड्याळात चारला दहा कमी होते.

६

बैठकीच्या खोलीत चौघेच होते. अच्युतराव, प्रितीताई, डॉ. कोठारे आणि दाराशी अभय. संघमित्रा उभी राहूनच बोलली. हातात कागद होता, पण तिने तो पाहिला नाही.

“पासवर्ड घरी नव्हता. तो कुणाही माणसाला माहीत नव्हता. माझ्या वडिलांचं नाव गिरगावच्या पेटीत राहून गेलं आणि तिथला रोबोट त्या नावाने नोंदी करत होता. ती अभयची चूक आहे, त्याने ती कबूल केलीय. पण रोबोट तक्त्याशिवाय नोंद करत नाही. तक्ता कुणी दिला, एवढंच उरतं.”

ती पुढे म्हणाली, “प्रितीताईंना गिरगावच्या बिऱ्हाडात शिरता येत नाही. त्यांनी तक्ता दिलेला नाही.”

प्रितीताईंनी श्वास सोडला.

“अभयला शिरता येतं. पण त्याला खोट्या नोंदी करायच्या असत्या, तर वाक्यांची गरजच नव्हती. वाक्य असल्याशिवाय नोंद नाही ही अट रोबोटमध्ये त्यानेच बांधली, तो ती काढू शकला असता. आणि वाक्यं हवीच होती, तर त्याच्याकडे चारशे तक्ते होते. तो सतराच वाक्यं कशाला फिरवेल? हे अशा माणसाने केलं, ज्याला रोबोट बदलता येत नाही, फक्त भरवता येतो. ज्याने चाचणीच्या बिऱ्हाडातले तीन दिवस पाहिलेत, परळचे बाकीचे दिवस कधी पाहिलेले नाहीत. आणि ज्याला गिरगावात तक्ता ठेवता येतो. असा माणूस एकच आहे.”

कुणी तिकडे पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती.

“नाव कुणाचं जातंय ते मला माहीत नव्हतं,” डॉ. कोठारे म्हणाल्या. “ते आत दिसत नाही. मला वाटलं, प्रयोगशाळेच्या नावाने जात असेल. आज दुपारी तू सांगितलंस तेव्हा कळलं.”

“दुपारी कळलं,” संघमित्रा म्हणाली. “पण तुम्ही तेव्हाही गप्प बसलात.”

“हो.”

“का गं, ऋग्वेदा?” अच्युतरावांनी विचारलं. कोठारे आणि विजयकर घराण्यांचा चार पिढ्यांचा घरोबा होता. ऋग्वेदाचा पाळण्यातला फोटो त्यांच्या घरात होता.

“सात दिवसांत कळवलं नाही, तर प्रयोगशाळेची मान्यता जाते. मी फोन करायला माणूस मागितला. पाच पत्रं लिहिली. प्रिती, तू पाचही वेळा एकच उत्तर दिलंस.”

“रोबोट आहे ना,” प्रितीताई अस्पष्ट म्हणाल्या. आपलंच वाक्य त्यांना ऐकवत नव्हतं.

“ते कारण कागदावरचं,” डॉ. कोठारे पुढे म्हणाल्या. “खरं सांगते. पहिला फोन मी केला होता. तीन मार्चला. पलीकडे बाई होती. ‘हॅलो, कोण बोलतंय?’ म्हणाली. मागे कुकरची शिट्टी होत होती. तीस वर्षं मी पेशी बघतेय, अच्युतकाका. काचेवर दिसलं की मला कळतं. पण ते माणसाला सांगायचं कसं, ते मला येत नाही. मी ‘राँग नंबर’ म्हणून ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी जानेवारीतला तो तक्ता आठवला. गमरेंची वाक्यं किती साधी होती! वाचताना वाटलं, हे झालंच आहे. कुणीतरी बोललंच आहे. पहिल्या आठवड्यापुरतं म्हणून केलं. मग दर आठवडा पहिलाच वाटत गेला.”

“त्या बाईचं नाव?” संघमित्राने विचारलं.

“रखमा.”

संघमित्राने हातातल्या उताऱ्याची पहिली ओळ अच्युतरावांपुढे धरली: चार मार्च, रखमा.

अच्युतरावांनी प्रितीताईंचं टिपण जवळ घेतलं. “हे वाचून दाखव.” प्रितीताईंनी नकारार्थी मान हलवली. “मग फाड. आणि नवं लिही. जे झालं ते, आणि ती पाच पत्रं जोडून. तुझं नाव, ऋग्वेदाचं नाव, आणि माझंही लिही. माणूस गेल्यावर त्याची खुर्ची रिकामी ठेवायच्या कागदावर सही माझीच आहे.” मग ते संघमित्राकडे वळले. “तुला काय हवंय?”

“बेचाळीस जणांचे नंबर,” ती म्हणाली. “आजच.”

७

आधी एक काम होतं. अभयने गिरगावचं बिऱ्हाड उघडलं, पेटी दाखवली आणि खुर्ची तिच्यासाठी रिकामी केली. “मी करू का, ताई?”

“नको. कुठलं बटण?”

त्याने दाखवलं. ‘ही नोंद पेटीतून काढायची का?’ असं यंत्राने एकदा विचारलं, ठरीव शब्दांत. तिने लगेच दाबलं नाही. त्या यंत्रात बाबा नव्हते, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण त्यांचं थांबणं होतं, आणि तेवढंसुद्धा आता जगात दुसरीकडे कुठे नव्हतं. मग तिला ती सतरा वाक्यं आठवली. त्यांतलं प्रत्येक वाक्य एका माणसाशी बोलून लिहिलेलं होतं, आणि चार महिने त्याच वाक्यांनी त्रेचाळीस माणसांची वाट अडवून धरली होती. तिने बटण दाबलं. हिरवा ठिपका करडा झाला. मशीनची घरघर जराही बदलली नाही.

वर नोंदशाखेत चार फोन मांडले होते. प्रितीताई एकावर होत्या, पदर खोचून. एकावर वॉर्डातल्या सिस्टर. डॉ. कोठारे तिसऱ्यासमोर बसल्या होत्या, हात मांडीवर. त्यांना उद्यापासून कामावरून दूर केलेलं होतं. आज फोनवर बसायचं त्यांनी स्वतः मागितलं होतं.

“मी काय म्हणू?” त्यांनी संघमित्राला विचारलं, शाळेतल्या मुलीसारखं.

“मलाही माहीत नाही,” संघमित्रा म्हणाली. त्यांना माफ केलंय असं तिला वाटत नव्हतं. रागही नीट येत नव्हता. “माझा ऐका. मग तुमचा लावा.”

यादीत सगळ्यात जुनं नाव होतं बेबी कोळी, लालबाग. तिने नंबर लावला. सात की एक, ते आधी नीट पाहून घेतलं. चार वेळा वाजल्यावर फोन उचलला गेला आणि कानात अख्खा बाजार शिरला: ट्रकचा हॉर्न, बर्फ फोडल्याचा आवाज, कुणाची तरी घासाघीस.

“कोण हाय? पटकन बोल, धंद्याचा टाइम हाय.”

“बेबीताई, मी परळच्या हॉस्पिटलमधून बोलतेय. संघमित्रा गमरे.”

“हास्पिटल? माझा काय काम हास्पिटलमधी? मार्चमधीच दाखवून आली मी.”

“हो. त्याचा रिपोर्ट आहे. तो तुम्हाला मार्चमध्येच सांगायला हवा होता. आम्ही सांगितला नाही. चूक आमची आहे.”

पलीकडे नुसता बाजार चालूच होता. पाच रुपयांवरून कुणीतरी अजून भांडत होतं. डॉ. कोठारे टेबलाची कड धरून ऐकत होत्या. संघमित्राला वाटलं, फोन ठेवला जाईल. तिने तो कानाशी तसाच धरून ठेवला, घाई केली नाही.

“वाईट हाय?” बेबीने विचारलं. आवाज एकदम खाली आला होता.

“उपचार लागतील. लवकर लागतील.”

“थांब हां जरा,” बेबी म्हणाली. “डोक्यावर पाटी हाय माझ्या. उतरू दे आधी.”

मग नुसते आवाज आले. कुणाला तरी हाक मारल्याचा, पाटीला दुसरा हात लागल्याचा, ओल्या फरशीवर ती टेकल्याचा. कुणीतरी “काय झाला गो?” विचारलं. बेबीने फोन पुन्हा कानाला लावला, तेव्हा तिचा श्वास जवळून ऐकू आला.

“हां. बसली मी,” ती म्हणाली. “आता सांग.”